टाचा

माह्या पोराचं वागणं मले पटत नाही. सुटीच्या दिवशी कॅमेरा घेऊन देवबलोद्याच्या जुन्या देवळात नाहीतर लोकांच्या चित्रप्रदर्शनात आरामात फिरत राहते, पण दिवाळीले आईच्या, म्हंजे माह्या, पाया पडायचं म्हटलं की त्याची कंबर दुखते. काल त्याच्या फोटोंचं प्रदर्शन सिविक सेंटरले लागलं, म्हणून मी ठेवणीतलं लुगडं नेसून ऐटीत गेली. देवळाच्या तडकलेल्या दगडांच्या फोटोंमधात दाराएवढ्या लटकल्या होत्या माह्या भेगाळल्या टाचा. दुपारी मी निजली असताना त्यानं जमिनीवर वाकून फोटो काढला होता. लोकं वाहवा करून राहिले होते अन् मी पाय लुगड्यात लपवत होती. मले त्या फोटोची अन् पोराचीही किळस आली. सगळ्यांसमोर त्याले म्हटलं, "आडव्या माणसाच्या पायाशी फक्त मेल्यावर वाकतात, पराग. तू आधीच वाकून घेतलं. आता माह्या मयताले येऊ नको."