एकच प्रत

मेंदूच्या ऑपरेशननंतर घरच्या ड्राइव्हवरच्या आठवणी हेमांगीच्या डोक्यात परत भरल्या गेल्या. आठवड्याने तिच्या आईचं वर्षश्राद्ध आलं. आईच्या आवडीची अळूवडी पानात वाढताना तिला आईचा शेवटचा दिवस आठवला आणि तिचा हात थबकला.

"उन्मेष, ड्राइव्हला हात लावला होतास?"

"जागा संपत आली होती गं," तिचा नवरा मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला. "आपण दोघं जिथे बरोबर होतो, ते सगळं दोनदा साठलं होतं. एकेकच प्रत ठेवली."

"कुणाची?"

"माझी. तुझ्या आठवणी फार जागा खायच्या. प्रसंग तर तोच ना?"

हेमांगीने डोळे मिटले. प्रसंग तोच होता. पण आईच्या हाताची ऊब कुठेच नव्हती. ती लांब दाराशी उभी होती आणि खाटेजवळ आईचा हात धरून दुसरीच हेमांगी हुंदके देत होती.

"मी आहे ना," दाराशी उन्मेषचा आवाज म्हणाला. आणि त्याच वेळी तिच्या मनात आलं, हिचं रडणं आता कधी आटपणार?