पायांची तपासणी

"बूट काढ," मी कटलरला म्हणालो. लांबच्या मार्चनंतर सार्जंटनं गुडघ्यावर बसून प्रत्येक शिपायाचे पाय तपासायचे, ही आमच्या इंग्लंडमधल्या पलटणीची रीत. कटलर बुटाच्या नाडीशी उगाच चाळा करत राहिला.

मी साताऱ्याहून आलेला नवा रंगरूट होतो, तेव्हा हाच माझा कॉर्पोरल. ट्रेनिंग संपल्याच्या परेडला माझे वडील, आबा, गावाहून आले होते, एवढ्या थंडीतही पायात वहाणाच. मी वर्दीतच वाकून त्यांच्या पाया पडलो.

"बघा रे, कुत्र्यासारखा पाय चाटतोय!" कटलर ओरडला आणि अख्खं मैदान हसलं. आबांना इंग्रजी येत नव्हतं, पण हसणं कळलं. त्यांनी हळूच पाय मागे घेतले. आबा आता नाहीत. ते मागे सरलेले पाय मात्र मला अजून दिसतात.

दारूपायी हुद्दा गेलेला कटलर आता माझ्याच हाताखाली साधा शिपाई होता. त्यानं मोजे उतरवले. दोन्ही टाचा सोलून निघालेल्या. अशा माणसाला ट्रकमध्ये बसवतात, आणि पायदळात त्याहून मोठी नामुष्की नाही.

मी त्याच्यापुढे गुडघे टेकले.

"सार्जंट, राहू द्या ना. मी चालेन," तो पुटपुटला आणि त्यानं पाय मागे ओढले.

मी घोटा घट्ट धरला. "मागे घ्यायचे नाहीत." मग सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडलो, "याला ट्रकमध्ये घाला रे!"

अख्खी पलटण हसली. मी त्यांना पोटभर हसू दिलं.