दोन नंबरची जर्सी

"आत्या, बाराला पंधरा मिनिटं आहेत. बारा वाजले की उद्याच्या सामन्यासाठी संघाला कुलूप. बोल पटापट." भाच्याने इस्त्री उभी करून ठेवली आणि आत्याचा फोन हातात घेतला.

"तूच दाब बाबा. माझे हात तेलाचे आहेत."

शिलाई मशीनचं तेल हल्ली आत्याच्या फार कामाला येत होतं.

लॉन्ड्रीतले सगळेच तिला आत्या म्हणत, सख्खा भाचा मात्र इस्त्रीवाला एकटाच. ती रफू करायची, उसवलेलं शिवायची. तिचं टेबल ड्रायरमागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात होतं, भाच्याचं खिडकीशी. वर्षभरात सुईचं नेढं तिला दिसेनासं झालं होतं. खिडकीचा उजेड मिळाला तर अजून चार वर्षं सुखाने निघाली असती. पण खिडकी मागायची तर कारण सांगावं लागणार, आणि कारण कळलं की मालकीणबाई रफूचं काम बाहेर देणार. म्हणून तिने तोंड शिवून घेतलं होतं.

मग मोसमाच्या सुरुवातीला मालकीणबाईंनीच गंमत काढली. फोनवरच्या रग्बीच्या खेळात जो पहिला येईल, त्याने वर्षभर हवं ते टेबल घ्यावं. आत्याने त्याच मिनिटाला फोन पुढे केला.

रग्बी म्हणजे अंड्यासारखा चेंडू घेऊन चिखलात लोळायचा खेळ. फोनवरच्या खेळात लोळायचं नव्हतं, खऱ्या गड्यांतून पंधरा जण निवडायचे होते. प्रत्येक गड्याचा भाव ठरलेला, आणि जो तो शंभर नाण्यांत बांधलेला. शनिवारी गडी खेळेल तसे गुण, कप्तान केलेल्याचे दुप्पट. अंथरूण पाहून पाय पसरायचे, एवढंच. बाकीच्यांनी आधी नावाजलेले तीन गडी घेतले, आणि उरलेल्या बारांना अंथरूणच पुरेना. आत्याला नावं ठाऊक नव्हती. पण शहरातल्या क्लबच्या जर्स्या दर सोमवारी याच लॉन्ड्रीत यायच्या. जिच्यावर चिखल जास्त, त्या नंबरचा गडी ती घ्यायची. चिखलवाले स्वस्त निघाले आणि गुणांची रास पडली.

आधी सगळे हसले. मग सगळ्यांनी नक्कल केली. नक्कल करणारा भाचा नऊ गुणांनी पुढेही गेला, जगाची रीतच ती. सगळ्यात जास्त लोळायचा दोन नंबरवाला. लॉन्ड्रीत त्याचं नाव रेडा. गुण वाढले तसा त्याचा भाव चार नाण्यांवरून चौदावर गेला, तरी तो सगळ्यांच्या संघात होता, आणि सगळ्यांचा कप्तानही.

या सोमवारी तर रेड्याच्या जर्सीने कमाल केली. खालच्या काठापासून गळ्यापर्यंत ती उघडी पडली होती. धुलाईवाल्याने ती झेंड्यासारखी फडकवली. "बघा रे! रेड्याने अंगावरचं कापडसुद्धा ठेवलं नाही!" भाच्याने शिट्टी मारली आणि जर्सी आत्याच्या मांडीवर टाकली. "शिव बाई. शेवटच्या सामन्यातही हाच तारणार आपल्याला."

आत्या बराच वेळ त्या उघड्या पडलेल्या काठावरून बोट फिरवत बसली होती. मग सात वेळा चुकून आठव्यांदा तिने दोरा ओवला. दुपारी शिवलेली जर्सी भाच्यानेच इस्त्री करून घडी घातली.

"हं, बोल," फोन हातात धरून भाचा म्हणाला. "कप्तान रेडाच ना?"

"रेड्याला काढ."

"कप्तानपदावरून?"

"संघातून. त्याच्या जागी सोळा नंबरवाला घे. कप्तानही तोच."

भाच्याने फोन खाली ठेवला. "आत्या, तो रेड्याचा राखीव आहे! दोन नाण्यांचा! अख्ख्या मोसमात त्याचा पाय मैदानाला लागला नाही."

"चिखल नसतो त्याच्या जर्सीला. पण कॉलर घामाने कडक असते. बाहेर उभ्या उभ्या पळत असणार बिचारा. आणि उरलेल्या बारा नाण्यांत माझे ते दोन मरतुकडे बदल."

"तुझी मर्जी," भाचा म्हणाला आणि हसत हसत दाबत गेला. "ड्रायरची ऊब तुला मानवलीय म्हणायची."

शनिवारी फोनवर सामना लागला, आणि रेडा कुठेच दिसेना. क्लबने आठवडाभर लपवलेली गोष्ट सामन्याआधी तासभर फुटली: रेड्याचा खांदा निखळला होता. दोन नंबरची जर्सी सोळा नंबरवाल्याच्या अंगात होती, जरा ढगळच. तो भुकेल्यासारखा खेळला. दोनदा चेंडू रेषेपलीकडे टेकवला. सगळ्यांच्या कप्तानाला भोपळा मिळाला, आत्याच्या कप्तानाला दुप्पट गुण.

सोमवारी भाच्याने आपलं इस्त्रीचं टेबल ड्रायरमागे ओढलं. "वाळून काटकी होणार मी! पण आत्या, आधी सांग, तुला कळलं कसं? क्लबात कोण आहे तुझं?"

"हो, सांगाच," मालकीणबाईही पुढे आल्या.

आत्याने आधी मशीन खिडकीशी मांडून घेतली. सुयांचा डबा ठेवला. खुर्ची टेकवली, वर बसली, उन्हात हात धरून पाहिले. मगच बोलली.

"फाटलेल्या कापडाचा काठ बोटाला दातेरी लागतो. हा सरळ होता, कात्रीचा. हात वर होत नाही, तेव्हाच डॉक्टर अंगावरची जर्सी कापून काढतो."

"पण ती आम्ही सगळ्यांनी पाहिली होती!" भाचा ओरडला.

"तुम्ही पाहिलीत रे," आत्या म्हणाली. "त्या कोपऱ्यात मला धड दिसायचं नाही, म्हणून मी चाचपली."