मार्गाबाईंचं ताट

आजही ताट जसंच्या तसं परत आलं. मऊ खिचडी, वर साजूक तूप, बाजूला दुधीची भाजी. तिखटाचा कण नाही. जयंतीनं ते ओट्यावर ठेवलं आणि कपाळाला हात लावला.

"अहो, माझ्या हाताची चव गेली का?"

"सिनेमात एवढ्यांना खाऊ घालून मारलंय, आता अन्नावरच राग असेल त्यांचा," लॅपटॉपमधून डोकं न काढता हेमचंद्र म्हणाला.

"तुम्हाला थट्टा सुचते. इथे माझा जीव जातोय."

नेदरलँड्समधल्या बाडहूव्हडॉर्प गावच्या त्या घरात खाली मार्गाबाई, घरमालकीण; वर हे दोघं भाडेकरू. पन्नास वर्षांपूर्वी बाई हॉलिवूडमध्ये होत्या. नायिका कधीच नाहीत. नवऱ्याला संपवणारी बायको, आजारी सासूला छळणारी सून, कैदी बायकांवरची पहारेकरीण. जिन्यातल्या पोस्टरांवर त्या कोपऱ्यात गोड हसत उभ्या असत.

जूनमध्ये त्या पडल्या आणि वाळतच गेल्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, शुक्रवारी वजन आणखी घटलेलं दिसलं तर थेट वृद्धाश्रम. घर विकायला पुतण्या टपलेलाच. "इथून मी आडवीच निघेन," असं म्हणणाऱ्या बाई. पण खायच्या काय? स्वतः सोललेलं केळं, स्वतः फोडलेलं उकडलेलं अंडं, नाहीतर नव्या पुड्यातली दोन बिस्किटं.

जयंतीनं चातुर्मासात एकभुक्त धरलं होतं. दिवा लावायचा, नैवेद्य दाखवायचा, मगच घास. तोवर मिठाचा अंदाजही नुसत्या वासावर. त्यात इथे ऑगस्टमध्ये दिवेलागण म्हणजे रात्रीचे नऊ. देवाविषयी तिची तक्रार नव्हती. मार्गाबाईंविषयी मात्र आता होऊ लागली होती.

गुरुवारी दुपारी तिनं शेवटचा प्रयत्न केला. गव्हाची खीर केली, खाली नेली, समोर बसली, हसली.

"पोटभर घ्या."

"आणि तू?"

"मी नंतर."

"रोज नंतरच."

बाईंनी वाटी हळूच दूर सारली. जयंतीनं उभ्या जन्मात कुणावर आवाज चढवला नव्हता. आजही चढला नाही, पण फाटला.

"मार्गाबाई, उद्या तुम्हाला घेऊन जातील. हे घर जाईल. महिनाभर मी तुमच्यासाठी राबतेय, आणि तुम्ही बोटसुद्धा लावत नाही. मी काय विष कालवलंय त्यात?"

बाईंनी खिरीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. एका नटीनं दुसऱ्या नटीकडे पाहावं तसं.

"काम छान करतेस," त्या म्हणाल्या. "पण पोरी, नऊ सिनेमांत मी हेच केलंय. प्रेमानं वाढायचं, समोर बसायचं, हसायचं, आणि स्वतः शीतही तोंडात घालायचं नाही."