बोटभर ऊन

धरणगावच्या हवामान केंद्रात काचेच्या गोळ्यामागे रोज कागदी पट्टी लावत. जितका वेळ कडक ऊन, तितकी पट्टी जळायची. एप्रिल १९९१च्या पट्ट्या वीस वर्षांपूर्वीच्या पट्ट्यांपेक्षा बोटभर कमी जळलेल्या पाहून नव्या साहेबांना निरीक्षक सुकदेवचा संशय आला.

"गोळा रोज पुसता, की नुसती सही ठोकता?"

"पुसतो साहेब. ऊनच कमी शे."

साहेबांनी निलंबनासाठी आरोपपत्र तयार केलं. पुरावा हवा म्हणून स्वतः गोळा पुसून दिवसभर तिथेच बसले. आभाळात ढग नव्हता. संध्याकाळी पट्टी बोटभर कमीच जळलेली निघाली.

"म्हणजे जुन्या पट्ट्या खोट्या! कोण होतं तेव्हा निरीक्षक?"

"मीच, साहेब."

साहेबांनी आरोपपत्रातलं साल तेवढं बदललं.