टीव्हीच्या कडेला

भाचीच्या लग्नाचा व्हिडिओ नव्या टीव्हीवर लागला आणि शालनमावशी फुरंगटून बसल्या. पंगतीत सगळे दिसत होते. कडेला बसलेल्या त्यांचं मात्र नुसतं कोपर.

"मला मुद्दाम कापलंत!"

"नाही गं मावशी," भाची हसली. "जुन्या टीव्हीत चित्राच्या कडा खराब दिसायच्या, म्हणून चित्र थोडं मोठं करून त्या पडद्याबाहेर ढकलायचे. नव्या टीव्हींची ती सवय अजून गेलेली नाही." तिनं रिमोट घेऊन सेटिंग बदललं.

मावशी अख्ख्या दिसल्या. नथ सावरून तिसरी जिलबी तोंडात कोंबत होत्या.

"आई!" शेजारी बसलेला मुलगा ओरडला. "एवढी शुगर वाढलीय, आणि तू म्हणालीस गोडाला शिवलेसुद्धा नाही!"

मावशींनी पदरानं तोंड पुसलं. "त्या जुन्या टीव्हीवाल्यांना अक्कल होती हो!"