श्रावणातला खिमा

शेवंती मांजरीचे डोळे वर्षभर सुजत होते. डॉक्टरांनी त्यांतल्या पाण्याचा एक थेंब यंत्राला पाजला. रोगजंतू कोणता आणि तो आला कुठून, दोन्ही यंत्र सांगे. त्यामुळे दवाखान्यातली भांडणं हल्ली लवकर मिटत.

"माझ्या पैलवानाचं नाव आलं, तर पाया पडेन तुमच्या," शेजारच्या मंदाताई लोखंडे अच्युतराव टिपणीसांना म्हणाल्या. शेवंतीचे मालक आणि सोसायटीचे अध्यक्ष असलेल्या अच्युतरावांनी मंदाताईंचा बोका रोगट ठरवून पुलापलीकडे सोडून दिला होता.

पडद्यावर उमटलं: टॉक्सोप्लाझ्मा. गेल्या श्रावणातलं कच्चं मटण.

"कच्चं का घातलंत? शिजवलं असतं तर जंतू मेले असते," डॉक्टर म्हणाले.

अच्युतराव मांजरीच्या कानात सांगावं तसे बोलले, "श्रावणात आम्ही घरात मटण शिजवत नाही. म्हणून गॅलरीत कच्चाच खिमा घालायचो."

मंदाताई हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "पुलापलीकडे नेमकं कुठे सोडलंत त्याला?"

संध्याकाळी अध्यक्ष पुलापलीकडच्या बाजारात "पैलवान, ए पैलवान" अशा हाका मारत फिरत होते. लोक वळून बघत होते. हातातल्या डब्यात खिमा होता, घरी शिजवलेला. श्रावण संपायला अजून आठवडा होता.